लिफ्टशेजारचा दगड

साल दोन हजार चौदा. त्या साली आमच्या उंबरणीला मेट्रो सुरू झाली, आणि त्याच आठवड्यापासून माझ्या थोरल्या जाऊबाई रोज सकाळी अंघोळ उरकून स्टेशनात जाऊन बसू लागल्या. गाडीत मात्र त्या एकदाही चढल्या नाहीत.

"काकू, तुम्ही त्यांच्या कोण?" स्टेशनच्या मॅनेजरबाईंनी मला खोलीत बोलावून विचारलं.

"धाकटी जाऊ. का हो, काही केलं का वहिनींनी?"

"केलं काहीच नाही. तोच तर प्रश्न आहे."

मॅनेजरबाई म्हणजे तिशीही न गाठलेली पोर. प्रणाली खोब्रागडे नाव, भंडाऱ्याकडची. कपाळाला घाम आणि हातात वॉकीटॉकी.

"खाली लिफ्टसमोर बाक आहे ना, तिथे बसतात. गार्डनं विचारलं, आजी, कुठे जायचंय? तर म्हणाल्या, मला कुठे जायचंय, तू तुझं काम कर. मी विचारलं, कुणी यायचंय का? तर म्हणतात, गाडी आहे म्हणजे माणसं येणारच की. आता यावर मी काय बोलू? पण लिफ्ट उघडली की आतल्या माणसाच्या अगदी तोंडाकडे बघतात. लोक बिचकतात ना, काकू. परवा एका बाईनं तक्रार केली, म्हणे म्हातारी नजर लावते."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी म्हटलं, "त्यांचा राग धरू नका. तुमची लिफ्ट आहे ना, तिथे आमचा विसावा होता."

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. "विसावा म्हणजे... आमच्याकडे असतो तसा?"

"तसाच असणार."

तिने टेबलाखालचे पाय हळूच मागे ओढून घेतले. जणू तिच्या खुर्चीखालीच कुणी निजलं होतं.

उंबरणी आज सगळी इमारतींनी भरली आहे, पण मी लग्न होऊन आले तेव्हा ते खरंच गाव होतं. गाव आणि खाडीकाठचं स्मशान यांच्या मधोमध चिंचेखाली एक बसका काळा दगड होता. घरून निघालेली तिरडी त्या दगडापाशी खाली ठेवायची. खांदेकरी दम खायचे, बाजू बदलायचे. चार कोपऱ्यांना भाताचे चार घास ठेवले जायचे. मग तिरडी उचलून उलटी फिरवायची. तिथवर माणसाचं तोंड घराकडे असे, तिथून पुढे खाडीकडे. फिरवला की माणूस घरची वाट विसरतो, असं जुनी माणसं सांगत. आम्हा बायकांची हद्दही तिथपर्यंतच. तिरडी फिरली की आम्ही मागे वळायचं, आणि एकदा वळल्यावर पुन्हा मागे बघायचं नाही. सासूबाईंना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. थोरल्या दिरांनाही तिथेच. उंबरणीच्या कुठल्याही बाईला विचारा, तिची सगळी माणसं तिला सोडून गेली ती त्या दगडापासून.

मेट्रोवाल्यांनी जागा आखली तेव्हा चिंच, दगड, सगळंच आखणीत आलं. गावठाणाच्या मंडळाचे अध्यक्ष तेव्हा आमचे हे. गावच्या सभेत चार म्हातारे अडून बसले होते. ह्यांनी त्यांची समजूत काढली, "दगडाचं काय घेऊन बसलात? तो आज इथे, उद्या तिथे. पोरांना स्टेशन पाहिजे." मग नारळ फोडून, हळदकुंकू वाहून दगड उचलला आणि देवळाच्या मागे ताडपत्रीखाली ठेवला.

त्या सभेत ह्यांच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलला होता तो जयवंत, वहिनींचा एकुलता एक मुलगा. लहानपणी पोलिओ होऊन जयूचा डावा पाय वाळला होता. नोकरीला जाताना त्याला रोज रेल्वेचा पूल चढावा उतरावा लागे, आणि पायरीगणिक एक अशा शिव्या त्याच्याजवळ होत्या. मेट्रोचं चित्र छापलेलं आलं, तेव्हा तो ते घेऊन घरभर नाचला. "काकी, लिफ्ट असणार, लिफ्ट! खाली उभं राहायचं, बटण दाबायचं, की वर. आई, पहिल्या दिवशी तुला वर नेणार. शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन परत येऊ, मध्ये उतरायचंच नाही."

"मध्ये उतरायचं नाही, तर जायचं कशाला रे?" वहिनी म्हणत.

"बसायला!"

खांब उभे राहिले तेव्हा तो गेला. कावीळ झाली, आधी कुणी मनावर घेतली नाही, आणि मग कुणाच्या हातात राहिली नाही. रस्ता तेव्हा पत्रे लावून बंद होता. इस्पितळातून शववाहिनी आली, दारात जेमतेम थांबली, आणि हमरस्त्याने वळसा घालून थेट स्मशानात गेली. वहिनी अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांना पुढे जायला विसावाच नव्हता.

त्यामुळे वहिनी लिफ्टसमोर का बसतात, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. दगड हलवला म्हणून पोराची शेवटची पावलं बाईला चालता आली नाहीत, आणि आता त्या जागेवर जाऊन ती बसते. ह्यांना तर ते बाणासारखं लागे. स्टेशनावरून जायचं झालं तरी हे पलीकडच्या फुटपाथने जात.

पण खरी कोंडी झाली होती सुलक्षणाची, म्हणजे जयूच्या बायकोची. पोरीला मूलबाळ नव्हतं. एका दवाखान्यात ती नावं नोंदवायला बसायची. त्या वर्षी तिला बोईसरच्या एका शाळामास्तरांचं स्थळ सांगून आलं होतं. मोरेश्वर सावे, बायको वारलेली, स्वभावाने गरीब. वहिनींनी स्वतः मला सांगितलं होतं, "पमे, सुलूला म्हणावं कर लग्न. मी काही तिच्या आड येत नाही." आणि सुलू काही केल्या हो म्हणत नव्हती.

"कशी जाऊ, काकी?" आमच्या ओट्याशी उभी राहून ती म्हणाली. "आई अशा स्टेशनात बसून राहतात. जेवायला सुद्धा हाताला धरून आणावं लागतं. उद्या मी गेले तर कोण आणणार?"

"मी आहे ना."

"तुमचे गुडघे!" ती हसली. मग तिने पदराने ओटाच पुसायला घेतला. "आणि रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. मी लावली की उठून काढतात. म्हणतात, उकडतं. थंडीत काय उकडतं, काकी?"

मी म्हटलं, "वय झालं की उकडतं." माझंही तसंच होत होतं, म्हणून मला ते खरंच वाटलं.

प्रणालीला मात्र ती विसाव्याची गोष्ट सोडवेना. एके दिवशी तीच आमच्या घरी आली. चहा घेतला, पोहे नको म्हणाली, आणि मग दोनदा मागून खाल्ले.

"काका," ती ह्यांना म्हणाली, "स्टेशनात आम्ही उंबरणीच्या इतिहासाचा एक फलक लावतोय. जुनं देऊळ, मिठागरं, सगळं त्यात आहे. पण मला वाटतं तुमचा तो दगड पण परत आणावा. लिफ्टच्या शेजारी झाडांची पट्टी आहे, तिथे. मी वरून परवानगी काढलीय."

ह्यांच्या हातातला कप तसाच राहिला. "परत आणता येईल?"

"आणला तर आणता येईल."

ह्यांचा चेहरा मी किती वर्षांनी तसा पाहिला. ती फाटकाबाहेर जाते न जाते तोच हे चपला शोधू लागले.

"अहो, कुठे निघालात?"

"गुरुजींकडे. दगड नुसता ठेवायचा नाही. त्या पत्र्यांच्या काळात जी माणसं विसाव्याशिवाय गेली, म्हात्र्यांची आजी, दामूशेठ, आपला जयू, त्यांचं राहिलेलं करून टाकू. दर्भाची जुडी करतात माणसाऐवजी. ती विसाव्यावर ठेवायची आणि फिरवायची. झालं. वहिनी सुटतील, पोरगी सुटेल."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं.

"मी पण सुटेन, बाई. तेवढं बोललीस ते बरं केलंस." आणि उलट्यासुलट्या चपला घालून ते गेले.

सर्वपित्री अमावास्या ठरली. वहिनींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना गाठलं ते त्या बाकावरच. मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, आणि नजर लिफ्टच्या दारावर. मी शेजारी बसले, सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडतील, माझा हात धरतील.

त्या म्हणाल्या, "कुणी सांगितलं हे करायला?"

"ह्यांनी. त्यांच्या मनाला फार लागून राहिलंय, वहिनी."

"लागू दे की. मनाला लागलं म्हणून माणूस मरत नाही." आणि त्यांनी पिशवी उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

मी घरी येऊन म्हटलं, "वहिनींना आवडलेलं दिसत नाही."

"राग आहे अजून," हे म्हणाले. "दगड बघितला की जाईल."

अमावास्येला सकाळी दगड हातगाडीवरून आणला. तीन वर्षं ताडपत्रीखाली राहून तो आणखीच काळा पडला होता. प्रणालीने झाडांच्या पट्टीत जागा करून ठेवली होती, भोवती दोरी बांधली होती, आणि लिफ्टच्या दारापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोडा बाजूने रस्ता काढून दिला होता. डोक्यावर ओढणी घेऊन ती स्वतः उभी होती. गावठाणातले बरेच जण जमले होते. गुरुजींनी पाटावर दर्भाच्या तीन जुड्या मांडल्या, प्रत्येकीला मधोमध पांढरा दोरा. शेजारी केळीच्या पानावर भात.

गुरुजींनी दगडावर पाणी घातलं. गंध लावायला ते खाली वाकले, तेवढ्यात वहिनी बाकावरून उठल्या, दोरी उचलून आत आल्या, आणि त्या ओल्या दगडावर बसल्या.

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग कुणीतरी म्हणालं, "अगं आई गं."

"वहिनी, उठा," मी म्हटलं. "गुरुजी खोळंबलेत."

"खोळंबू देत."

"आजी, दगडावर बसू नये," गुरुजी म्हणाले. "दोष लागतो."

"आणखी काय लागायचं राहिलंय मला? लागू दे." त्या सावकाश नीट बसल्या, लुगड्याचा काठ सारखा केला. "म्हात्र्यांचं करा. दामूशेठचं करा. मी नको म्हणते का? माझ्या पोराचं नाव घ्यायचं नाही."

हे पुढे आले. हात जोडलेलेच होते. "वहिनी, चूक माझी. दगड मी हलवू दिला. तुम्हाला त्याच्याबरोबर चार पावलं जाता आलं नाही, ते माझ्यामुळे. म्हणून तर आज..."

"भावजी, हात सोडा आधी. तुम्ही दगड हलवलात ते फार बरं केलंत."

ह्यांना वाटलं टोमणा आहे. मलाही वाटलं. पण वहिनींच्या आवाजात टोमणा नव्हता.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी दगडासाठी रडते. अहो, दगड नव्हता म्हणून माझा जयू न फिरवता गेला. शववाहिनीत घातला तेव्हा मी बघितलंय, तोंड घराकडेच होतं. ते कुणी फिरवलं नाही. तो वाट विसरलेला नाही, भावजी. त्याला सगळी वाट ठाऊक आहे."

हमरस्त्यावर बस, रिक्षा, सगळं चालूच होतं.

"मग इतके दिवस का नाही आला, असं माझ्याच मनात येई," वहिनी म्हणाल्या. "तर पूल होता ना मध्ये. पूल कुठे चढवत होता त्याला. आता लिफ्ट झाली."

त्याच वेळी लिफ्टची घंटी वाजली. दार सरकू लागलं, आणि आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. गुरुजींनी पाहिलं, ह्यांनी पाहिलं, मी पाहिलं. आतून भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ बाहेर आले. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघताहेत म्हणताना ते दचकले, शर्टाची बटणं चाचपली, आणि भिंतीला घासून निघून गेले.

तेव्हा मला कळलं. वहिनी कधीच त्या जागेकडे बघत बसल्या नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. आणि रात्री त्यांना उकडत नव्हतं.

"वेडी झालीय बाई," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"कोण म्हणालं ते?" सुलू एकदम वळली. इतका वेळ ती मागे उभी होती. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग ती दोरीखालून आत आली आणि वहिनींच्या पुढ्यात खाली, त्या ओल्या मातीतच बसली.

"आई, मीसुद्धा ऐकते."

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं.

"रोज रात्री ऐकते. जरा पाय ओढल्यासारखं झालं की उठून बसते. कधी कुत्रं असतं, कधी शेजारच्यांचा पंखा कुरकुरतो. तुम्ही कूस बदलता ते मला कळतं. तुम्ही पण जाग्या असता. आपण दोघी जाग्या असतो, आणि दोघी गप्प पडून राहतो."

"मी तुला म्हटलं ना, तू लग्न कर. मी अडवलं का?"

"दार उघडं ठेवून म्हणालात, आई. ते आले आणि मी बोईसरला असले तर? तुम्ही काय सांगाल त्यांना? दार उघडं आहे तोवर मी त्यांची बायको आहे. मला नाही जाता येणार. पण मी थकले हो. मला एक रात्र झोप पाहिजे."

मग ती रडायला लागली. मोठ्याने नाही. वहिनींच्या गुडघ्यावर कपाळ टेकून, जयू गेला त्या दिवशीही ती रडली नव्हती तशी.

वहिनींनी सुलूच्या मानेवरून हात फिरवला. बोटांना मानेचं हाड लागलं असावं.

"किती वाळलीस गं," त्या म्हणाल्या. "मी बघितलंच नाही."

मी त्यांना हात दिला. त्या दगडावरून उठल्या. मागे लुगडं ओलं झालं होतं. पाटाशी जाऊन त्या म्हणाल्या, "ह्यातली माझी कुठली?"

गुरुजींनी कडेची जुडी दाखवली. "पण आजी, फिरवायचं काम पुरुषांचं. तुमचे दीर, नरहरीभाऊ, फिरवतील."

"माझ्या पोटात तो आडवा आला होता. दोन दिवस सुटका होईना. मग सुईणीनं पोटावर हात लावून फिरवला, तेव्हा कळा मीच दिल्या. तेव्हा कुणी पुरुष आला नव्हता. आताही मीच फिरवते."

गुरुजी ह्यांच्याकडे बघू लागले. हे म्हणाले, "फिरवू दे."

वहिनींनी जुडी दोन्ही हातांत घेतली. एका बाजूची काडी जरा आखूड होती. त्यांनी ती ओढून बाकीच्यांबरोबर करून पाहिली, पण ती पुन्हा मागे सरली. तेव्हा त्यांनी ती तशीच राहू दिली. जुडी दगडावर ठेवली, गावाकडे तोंड करून. चार घास मांडले. शेवटच्या घासाला हात जरा थांबला.

"जयू," त्या म्हणाल्या, "घरची वाट नाही रे ठेवली मी तुला." आणि मग जुडी उचलून त्यांनी ती अगदी हळू फिरवली, झोपलेल्या मुलाची उशी बदलावी तशी. "जा आता. सावकाश जा. पाय सांभाळ."

वरून गाडी गेली. खांब थरथरला तसे भाताचे घासही थरथरले.

आम्ही बायका मागे वळलो. पुढे वहिनी, त्यांचा हात धरून सुलू, आणि मागे मी. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाठीमागे लिफ्टची घंटी वाजली. वहिनींचं पाऊल अडलं. मला वाटलं आता मान वळणार. सुलूने काही म्हटलं नाही, ओढलंही नाही, नुसती थांबली. मग वहिनी चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सुलू आली तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "काकी, आत्ता उठले," ती म्हणाली, आणि मोठा अपराध केल्यासारखी बघत राहिली. "आईंनी स्वतः कडी लावली."

पुढे तिचं आणि सावे मास्तरांचं लग्न झालं. वहिनींनी बोईसरला पाठवणी केली ती लेकीची करतात तशी, ओटी भरून. त्यानंतर एक दिवस त्या मला म्हणाल्या, "पमे, मला वर नेशील का गं?"

आम्ही दोघी लिफ्टने वर गेलो. बटण त्यांनी दाबलं. शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो आणि तशाच परत आलो, मध्ये उतरलो नाही. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. येताना म्हणाल्या, "बसायला बरं आहे."

पुन्हा कधी त्यांनी मेट्रोचं नाव काढलं नाही.

आता ही सगळी जुनी गोष्ट झाली. प्रणालीची बदली झाली. आता ती मुख्य कचेरीत मोठ्या जागेवर आहे, दिवाळीला मला फोन करते आणि पोह्यांची आठवण काढते. इतिहासाचा तो फलक अजून आहे, पण त्यात विसाव्याचा उल्लेख नाही. प्रणालीने लिहिलं होतं, वरच्यांनी गाळलं. प्रवाशांना अशुभ वाटेल म्हणाले. दगडापाशी लोक वाट बघत उभे राहतात, कुणी त्यावर पिशवी टेकवतं. कुणाला माहीत नाही, आणि नसू दे. गुरुजी मुलाकडे नाशिकला गेले. आमचे हे करोनाच्या आदल्या वर्षी गेले. त्यांना मी त्याच दगडापर्यंत पोचवलं. पुन्हा स्टेशनच्या बाजूच्या फुटपाथने चालायला लागले होते, तेवढं समाधान घेऊन गेले.

वहिनी त्यांच्या आधी गेल्या, दोन वर्षं. दुपारची वेळ होती. तिरडी विसाव्यावर आणली, खाली ठेवली, भाताचे घास मांडले, आणि खांदेकरी उचलायला वाकले.

"थांबा," हे म्हणाले. "सुलू निघालीय. गाडीत आहे."

"काका, अशी तिरडी कुणी थांबवतं का?" पोरांतला एक म्हणाला. "किती वेळ थांबायचं?"

"गाडी येईपर्यंत."

मग आम्ही थांबलो. येणारे-जाणारे बाजूने जात होते, कुणी हात जोडत होतं. वहिनींचं तोंड घराकडे होतं. वर गाडी आल्याचा आवाज झाला. जरा वेळाने लिफ्टची घंटी वाजली, आणि आम्ही सगळे दाराकडे बघत उभे राहिलो.

दार सरकलं. आत सुलू होती. कडेवर तिची मुलगी, दीडएक वर्षाची. सुलू आली, तिने भाताचा शेवटचा घास सारखा केला, वहिनींच्या पायावर डोकं ठेवलं. मग ह्यांनी खूण केली आणि तिरडी फिरली.

आम्ही दोघी मागे वळलो आणि चालू लागलो. सुलूने मागे पाहिलं नाही. मीही नाही. तिच्या खांद्यावरून तेवढी ती पोरगी मागे बघत होती, आणि हात हलवून कुणाला तरी टाटा करत होती.